डावा पाय ठीक

आईच्या पायांची परीक्षा आम्ही दिवसातून तीनदा घ्यायचो. ती उताणी झोपलेली असायची आणि आमच्यापैकी जो घरात असेल तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा. तिच्या पावलाच्या बोटांवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "आई, बोटं वर." तिने बोटांनी आमचा हात वर ढकलायचा. मग तळव्याला हात लावून, "आता खाली दाब." आधी उजवा पाय, मग डावा. झालं की वहीत लिहायचं.

ही वही माझ्या बहिणीची कल्पना. ती शाळेत शिकवते, त्यामुळे पट्टीने रेघा मारल्याशिवाय तिचं कुठलंच काम सुरू होत नाही. दोनशे पानी वहीत तिने रकाने आखले होते: वेळ, औषध, किती चालली, पोट साफ, पाय, आणि शेवटी सही. सहीचा रकाना बघून धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मस्टर ठेवलंयस काय?"

"हो. आणि लेटमार्क पण आहे," ती म्हणाली.

आई पडल्या पडल्या म्हणाली, "मना पन सही करू दे. पाय माजे हायेत."

आम्ही हसलो. ऑपरेशन होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते आणि आम्ही तिला पनवेलच्या घरी आणलं होतं. वडील गेल्यापासून ती तळ्याजवळच्या या फ्लॅटमध्ये एकटी राहते. मी पुण्याहून पंधरा दिवसांची रजा टाकून आलो होतो. सकाळपासून दुपारी चारपर्यंत मी, चारनंतर शाळा सुटली की नवीन पनवेलहून बहीण, आणि रात्री झोपायला भाऊ, जो उरणच्या बाजूला कंटेनरच्या कामात आहे. एक जण गेला की दुसरा वही वाचायचा. विचारायची गरज पडायची नाही. वहीत लिहिलंय म्हणजे ते झालंय, असा आमचा तिघांचा व्यवहार होता. ही वही मी कशी वापरली, तेच मला इथे लिहायचं आहे.

आधी एक गोष्ट कबूल करतो. ऑपरेशनचा आग्रह माझा होता. आईच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली होती. डावा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जळायचा. लहानपणी ती मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. त्याचं हे आता निघतंय, असं ती म्हणायची, आणि त्यात थोडा अभिमानही असायचा. बहीण म्हणाली, "सत्तरी उलटलेल्या बाईची पाठ कापायची नाही." मी फोनवर तिला लांबलचक समजावलं. भाऊ जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूचा, आणि शेवटी मी बोललो. संमतीच्या कागदावर सही माझीच होती. त्यामुळे आई बरी होणं हे माझ्यासाठी नुसतं आईचं बरं होणं राहिलं नव्हतं. मला बरोबर ठरायचं होतं.

घरी आणताना डॉक्टरांनी नियम सांगितले होते. बहिणीने ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्केचपेनने लिहून कपाटावर चिकटवले. वाकायचं नाही. खाली बसायचं नाही, सोफ्यावरही नाही, फक्त उंच खुर्चीवर. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, कोपराच्या जोरावर अंग वर आणायचं, मग कमरेचा पट्टा, मग उभं राहायचं. आणि सगळ्यात खाली, लाल रंगात: "हात धरून ओढायचं नाही."

हे लाल वाक्य आमच्याच घरासाठी लिहिलं होतं असं मला आता वाटतं. कारण आमच्या घरात आईला उठवायची तीच एक पद्धत होती. ती कायम जमिनीवर बसायची. विळीवर मासे कापायची, निवडायची, जेवायची, सगळं खाली बसून. उठायचं झालं की दोन्ही हात वर करायची, जवळून जो जाईल त्याने ओढायचं. हात मासळीचे असले तर ती बोटं मिटून मनगटं पुढे करायची. मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून तिला ओढत आलोय. तेव्हा ती उठायची स्वतःच, आणि म्हणायची, "बघ, माज्या बालाने उचलली मना."

आठव्या दिवशी दुपारी बाराच्या आधी आईचा मोबाइल वाजला. तिचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मामा, उरणच्या मोरा बंदराजवळच्या गावातून एसटीने आले होते. स्टँडवर उतरून त्यांनी रिक्षावाल्याच्या फोनवरून कळवलं होतं. मामा ऐंशीच्या पुढचे. कुणाला न सांगता असे निघून येतात.

फोन ठेवल्यावर आईने अंगावरच्या गाऊनकडे पाहिलं. जन्मभर लुगडं नेसलेली बाई. दवाखान्यापासून ती गाऊनमध्ये होती आणि आम्हा मुलांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"दादूस येतंय," ती म्हणाली. "मना लुगडं दे. भाऊबीजेचा दिल्यान त्यो. हिरवा."

"आई, आत्ता कसं नेसणार? मामा काय परके आहेत?"

"थोरल्या भावासमोर अशी बसू काय मी? उघडी?"

"ताईला विचारतो."

"तिला कशाला? ती वर्गात असंल. तुना जमत नाय तर सांग, मी नेसते."

खरं तर इथेच मी नाही म्हणायला हवं होतं. वर चादर टाकली असती, डोक्यावरून पदरासारखी ओढणी घेतली असती, मामांना काहीही वाटलं नसतं. पण तिच्या आवाजात आठ दिवसांत पहिल्यांदा जोर आला होता. आणि मला, का ते नीट सांगता येत नाही, तिचा हा एक हट्ट मीच पुरवावा असं वाटलं. बहिणीने तिला आंघोळ घातली होती, केस विंचरले होते, भावाने रात्री-अपरात्री उठून तिला धरून नेलं होतं. मी फक्त औषधं देत होतो आणि वहीत सही करत होतो.

तिला मी नियमाप्रमाणेच पलंगावरून उठवलं. पट्टाही बांधला. पण लुगडं कमरेला आवळून नेसायचं, काष्टा मागे पाठीत खोचायचा. पट्टा आड यायला लागला. "काढ त्यो. लुगड्यावरून बांधू मागाहून," ती म्हणाली. मी काढला. मला लुगडं नेसवता येत नव्हतं. कुठला पदर कुठे जातो ते कळेना. ती चिडली, "अरे, उलटा धरलास," आणि मी काही म्हणायच्या आत पायांजवळ लोंबणारं टोक घ्यायला स्वतः खाली वाकली. पूर्ण वाकली, जशी आयुष्यभर वाकायची तशी.

"आई!"

"झाला, झाला. कायपन होत नाय."

काष्टा तिने एका हाताने चाचपत खोचला, टाक्यांच्या पट्टीच्या अगदी वर. मग ती दमली. हॉलमधला दिवाण जवळ होता, आणि तो बुटका आहे हे लक्षात येण्याआधीच ती त्यावर बसली होती. मी पट्टा आणायला वळलो आणि दाराची बेल वाजली.

"आला दादूस," ती म्हणाली आणि दोन्ही हात वर केले.

मी ओढलं.

विचार केला नाही. तिचे हात वर आले आणि माझे हात पुढे गेले. ती उठली. उठताना तिच्या तोंडून एक बारीक आवाज आला, शिंक अर्धवट राहावी तसा. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "दार उघड."

मामा दहा मिनिटं बसले. पिशवीतून सुके बोंबील काढून टेबलावर ठेवले. आई त्यांच्यासमोर उंच खुर्चीत ताठ बसली होती, डोक्यावर पदर, चेहरा पांढरा.

"उठलीस कशाला गो?" मामा म्हणाले. "मी काय पावना हाय?"

"हिरवा नेसलंय बघ. तू दिल्लंस त्यो."

मामांनी मान पुढे केली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. "मना आता रंग कुठला दिसतंय," ते म्हणाले. "तू दिसतंस तेवरा बस हाय."

ते गेल्यावर तिला पलंगाकडे नेताना माझ्या लक्षात आलं की तिचं डावं पाऊल नीट उचललं जात नाही. अंगठा फरशीला घासत होता. मी तिला झोपवलं. लुगडं सोडलं, गाऊन घातला, लुगड्याची घडी करून कपाटात आत ठेवली. मग पलंगाच्या पायथ्याशी जाऊन डाव्या बोटांवर हात ठेवला.

"आई, बोटं वर."

माझ्या हाताखाली काहीच हललं नाही.

"आई, वर."

"करतंय ना," ती म्हणाली.

ती खरंच करत होती. तिचा चेहरा ताणला होता, गुडघाही किंचित थरथरला. पाऊल मात्र तसंच पडून होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: पायात जोर कमी झाला तर थांबायचं नाही, लगेच घेऊन यायचं. लाल अक्षरांच्या वर तेही लिहिलं होतं. मी कपाटासमोर उभा राहून ते वाचलं. फोन माझ्या हातात होता.

बहिणीला काय सांगायचं? पट्टा मी काढला? तिला वाकू दिलं? ओढलं? ऑपरेशन मी करवलं आणि वाया मीच घालवलं? मी स्वतःला म्हणालो, अर्धा तास बघू. नस दुखावली असेल, आराम पडला की येईल. अर्ध्या तासाने पुन्हा हात ठेवला. मग म्हणालो, चारपर्यंत बघू.

पावणेचारला मी वही उघडली. वेळ, बारा. औषध, दिलं. चालणं, पाच मिनिटं. पाय, या रकान्यात मी लिहिलं, "दोन्ही ठीक." आणि सही केली.

चारला बहीण आली. पर्स ठेवली, हात धुतले, वही वाचली. मी तिला चहा करून दिला. ती आईजवळ बसली तेव्हा मी स्वयंपाकघरात कप विसळत उभा होतो आणि कान तिकडे होते.

"आज गप्प का गं?" बहिणीने विचारलं.

"दादूस आलंवता. दमले जरा," आई म्हणाली. "पाय नको बगूस आता. बाला बगल्यान दुपारी."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी तिला काही सांगितलं नव्हतं. खोटं बोलायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने मला वहीत लिहिताना पाहिलं होतं, आणि मी काय लिहिलं असेल हे तिला कळलं होतं. बहीण म्हणाली, "बरं, झोप," कारण वहीत लिहिलेलं होतं.

रात्री भाऊ आला, झोपला, पहाटे कामावर गेला. आई रात्रभर बाथरूमला उठली नाही. त्याला वाटलं, छान झोपली.

सकाळी मी चहा टाकला होता. दूध उतू जाईल म्हणून ओट्याशीच उभा होतो, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. कुणाशी तरी हळू बोलत होती. मी दारापर्यंत गेलो. तिने चादर बाजूला सारली होती आणि दोन्ही पावलांकडे बघत होती. उजव्या पायाची बोटं वर यायची, खाली जायची. मग ती डाव्या पायाकडे बघायची.

"ऊठ ना रं," ती त्या पायाला म्हणत होती. "ऊठ. पोराचा नाव जाईल तुज्यापायी."

मग तिने मला पाहिलं आणि चादर ओढून घेतली.

मी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसलो. तिनेच सांगितलं, "मीच उठले. तू कायपन केला नाय. कळलं? ती तुना खाईल. भांडू नका तुमी."

"आई, तुझा पाय जाईल."

"गेला तर गेला. एक हाय ना."

हे ती विनोदाने म्हणाली, पण चादर पायांवर आणखी ओढून घेत. तिलाही माझ्याइतकीच भीती वाटत होती, आणि ती रात्रभर तिने एकटीने काढली होती. मी भिंतीपलीकडे होतो. दूध उतू गेल्याचा वास आला.

मी बहिणीला फोन केला. ती वर्गातून बाहेर आली. "आईचा डावा पाय हलत नाहीये," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"आत्ता बघितलं."

हेही मी बोललो. फोनवर, तेवढ्या क्षणी, अजूनही.

रुग्णवाहिका आली. भाऊ परस्पर दवाखान्यात पोहोचला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आईचं पाऊल तपासलं, टाचणीने टोचून बघितलं आणि विचारलं, "हे कधी सुरू झालं? नेमकी वेळ सांगा. ती महत्त्वाची आहे."

बहिणीने पर्समधून वही काढली. ती घरी जाऊन वही घेऊन आली होती. पानं उलटली आणि बोट ठेवून वाचायला लागली. "काल सकाळी आठला ठीक. काल दुपारी बाराला दोन्ही ठीक, हे माझ्या भावाने स्वतः बघितलंय. म्हणजे त्यानंतर—"

स्ट्रेचरवरून आई माझ्याकडे बघत होती. तिने मान अगदी किंचित हलवली. बोलू नको, असं.

"ते खोटं आहे," मी म्हणालो.

बहिणीचं बोट वहीवर तसंच होतं.

"बाराला पाय हलत नव्हता. मी पट्टा काढला होता. ती वाकली, आणि मग मी तिला हात धरून ओढलं. तेव्हापासून हलत नाहीये. मी ठीक लिहिलं."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे जवळजवळ बावीस तास." त्यांनी आधी लिहिलेलं खोडलं आणि कुणाला तरी हाक मारली. त्यानंतर सगळं घाईत झालं. एमआरआय, मग मोठे डॉक्टर, मग पुन्हा संमतीचा कागद. गादीचा उरलेला तुकडा सरकून नसेवर बसला होता. त्याच दुपारी पुन्हा उघडावं लागणार होतं. कागदावर सही कोण करणार असं नर्सने विचारलं. सही भावाने केली.

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मी वाट बघत होतो की बहीण आता बोलेल. ओरडेल, लुगड्यावरून, ऑपरेशनवरून, पुण्यात राहण्यावरून. भाऊ पाण्याची बाटली आणायला गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी चारला आले तेव्हा तू मला चहा दिलास."

तिने वही मिटून पर्समध्ये ठेवली.

"चहा देताना पण बोलला नाहीस, दादा."

नंतर मोठे डॉक्टर बाहेर आले. तुकडा काढला होता. पाय किती परत येईल ते आता सांगता येणार नाही, महिने लागतील, असं म्हणाले. भावाने विचारलं, काल आणलं असतं तर? "लवकर आणलं असतं तर चांगलंच," ते म्हणाले, "पण किती फरक पडला असता हे मी सांगू शकत नाही. हे कधी कधी नुसत्या शिंकेनेही होतं." त्या शिंकेला मी पुष्कळ दिवस धरून राहायचा प्रयत्न केला. पण तिथे शिंक नव्हती. वर आलेले दोन हात होते, आणि वहीतले दोन शब्द.

याला आता सात महिने झाले. रजा संपल्यावर मी पुण्याला गेलो, पण दर शनिवारी सकाळी पनवेलला येतो. आई चालते. घोट्याला आधार देणारा पट्टा बुटात घालून चालते. उजवं पाऊल वाजतं, डावं फरशीला घासतं, आणि तो आवाज ऐकला की ती घरात कुठे आहे ते कळतं. बहीण माझ्याशी बोलते. मात्र मी काही सांगितलं की ती एकदा आईकडे बघते, खात्री करून घ्यायला. तिला ते स्वतःला कळत नसावं. मला कळतं.

वही चालूच आहे. ती दुसरी, पहिली भरली. आता रोज एकदाच तपासायचं असतं आणि शनिवारी ते काम माझं. घाटातून उतरतानाच माझे तळहात ओले व्हायला लागतात. गेल्या वेळेपेक्षा कमी असेल तर? असं प्रत्येक शनिवारी वाटतं.

मागच्या शनिवारी ती पलंगावर पडली, मी पायथ्याशी उभा राहिलो. आधी उजवा. तिने माझा हात झटक्यात वर ढकलला, मुद्दाम जोरात. मग डावा. चार बोटं वर आली, सावकाश. अंगठा थोडा उठला, थरथरला आणि खाली गेला.

"आला ना?" तिने विचारलं.

"थोडा."

"ठीक लिव. तुजी बहीन उगा काळजी करतंय."

मी वही उघडली. बहिणीच्या कालच्या नोंदीखाली लिहिलं, "डावा अंगठा अर्धाच उठतो, टिकत नाही." सही केली. आईने मान वर करून वहीकडे बघितलं. तिला वाचता येत नाही, पण शब्द किती आहेत ते दिसतं.

"लय लिवलास," ती म्हणाली, आणि कुशीवर वळायला लागली. पाय खाली सोडले, कोपर टेकलं. मी हात पाठीमागे धरून उभा राहिलो, ती उठून बसेपर्यंत.